गॅरिसन हिलवरची दफनभूमी : कोहिमा येथील रचनेचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची व्याप्ती

कोहिमा शहराच्या मध्यभागी, दिमापूरहून इम्फाळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, गॅरिसन हिल नावाच्या टेकडीच्या उतारावर दुसऱ्या महायुद्धातील १,४२० सैनिकांच्या कबरी पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेल्या आहेत. या दफनभूमीच्या सर्वांत उंच जागी आणखी एक स्मारक आहे. ज्यांच्या देहांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी देण्यात आला, अशा ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावे त्यावर आहेत. खाली प्रत्येकाला स्वतंत्र शिळा आणि वर सर्वांना मिळून एक स्मारक, अशी ही रचना आहे. ती ठरवताना कोणते मार्ग खुले होते, त्यांतला कोणता निवडला गेला आणि त्यातून काय साधले व काय राहून गेले, याची मांडणी पुढे केली आहे.

हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की, युद्धस्मशानांची जी पद्धत आज जगभर दिसते ती मुळात फ्रान्स आणि बेल्जियममधल्या शेतजमिनीवर, देह पुरणाऱ्या समाजांसाठी आखली गेली होती. कोहिमात तीच पद्धत डोंगरउतारावर, भूकंपाच्या आणि धुवाधार पावसाच्या मुलखात राबवावी लागली. आणि ज्यांच्यासाठी राबवायची, त्यांच्यापैकी दर पाचांमागे जवळजवळ दोघांची कबर असणारच नव्हती.

पर्याय म्हणून जे मार्ग पुढे दिले आहेत, ते सगळे याच दफनभूमींची जबाबदारी असलेल्या आयोगाने कोठे ना कोठे प्रत्यक्ष वापरलेले आहेत. सार्वजनिक नोंदीतील मोजकी नावे सोडता कोणाही सैनिकाचे अथवा कुटुंबाचे नाव या लेखात घेतलेले नाही.

पार्श्वभूमी : लढाई

मार्च १९४४ मध्ये जपानच्या पंधराव्या सैन्याने चिंदविन नदी ओलांडून भारताच्या ईशान्य सीमेवर चढाई केली. मुख्य लक्ष्य इम्फाळ होते. लेफ्टनंट जनरल कोतोकू सातो यांच्या एकतिसाव्या डिव्हिजनकडे, म्हणजे सुमारे पंधरा हजारांच्या फौजेकडे, कोहिमा घेण्याचे काम होते. कारण दिमापूरला रेल्वेचे ठाणे आणि रसदीची प्रचंड कोठारे होती आणि तिथून इम्फाळला जाणारा एकमेव चांगला रस्ता कोहिमाच्या खिंडीतून जात होता. या फौजेचा एक भाग वाटेत मणिपूरच्या सांगशाक गावी २२ ते २६ मार्च या दिवसांत अडकून पडला. तिथे पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढत होती. कोहिमाच्या बचावाला जे थोडे दिवस मिळाले त्यांत सांगशाकचा वाटा मोठा आहे, आणि मराठी वाचकाने कोहिमाकडे पाहताना ते गाव नकाशावर शोधून ठेवावे असे मला वाटते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोहिमाला वेढा पडला. आत लढू शकणारे सैनिक सुमारे दीड हजार होते, बाहेर एक पूर्ण डिव्हिजन होती. एकेक टेकडी हातची जात गेली आणि शेवटी बचावाचा घेर गॅरिसन हिल आणि तिच्या कुशीतला डेप्युटी कमिशनरचा बंगला एवढ्यावर आला. बंगल्याच्या वरच्या टप्प्यावर टेनिस कोर्ट होते. कोर्टाच्या एका बाजूला एका सैन्याचे खंदक, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे, आणि मधल्या मोकळ्या जागेवरून हातबॉम्बची फेकाफेक, अशी स्थिती आठवडेच्या आठवडे राहिली. १८ एप्रिलला पहिली कुमक आत पोहोचली आणि २० तारखेला थकलेली शिबंदी बदलण्यात आली. कोर्टावरचा जपानी ताबा मात्र १३ मे रोजी, एक रणगाडा वरून त्या टप्प्यावर उतरवल्यानंतरच सुटला. २२ जूनला इम्फाळकडून आणि कोहिमाकडून निघालेल्या तुकड्या १०९ क्रमांकाच्या मैलाच्या दगडाशी भेटल्या आणि रस्ता मोकळा झाला. ब्रिटिश-भारतीय बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून चार हजारांवर माणूस कोहिमात कामी आला अथवा घायाळ झाला. जपानी हानी त्याहून अधिक होती.

रचनेच्या दृष्टीने यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वेढ्याच्या दिवसांत जखमींना झोपवायलाही सुरक्षित जागा नव्हती. तोफगोळ्यांनी जखमी पुन्हा जखमी होत होते. मेलेल्यांना जिथे जमेल तिथे पुरले गेले, आणि ती जमीनही पुन्हा उकरली गेली. म्हणजे दफनभूमीचा आराखडा काढायला कोणी बसण्याआधीच ही टेकडी दफनभूमी झालेली होती.

पार्श्वभूमी : आयोग आणि त्याचे नियम

इम्पिरियल वॉर ग्रेव्हज कमिशनची स्थापना २१ मे १९१७ रोजी राजसनदेने झाली. १९६० पासून तिचे नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन आहे. पुढे तिचा उल्लेख आयोग असा केला आहे. रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका पथकाचे काम करताना कबरींची नोंद ठेवू लागलेले फेबियन वेअर हे तिचे जनक. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ मध्ये दिलेल्या अहवालाने नियम पक्के केले. देह मायदेशी न्यायचा नाही, जिथे पडला त्या मुलखातच ठेवायचा. सेनापती आणि शिपाई यांच्या शिळांत फरक करायचा नाही. प्रत्येकाचे नाव कायमस्वरूपी कोरायचे. कबर असेल तर शिळेवर, नसेल तर स्मारकावर. एरवीची शिळा ३२ इंच उंच आणि १५ इंच रुंद असे. तळाशी कुटुंबाला ६६ अक्षरांपर्यंतची एक ओळ देता येई.

हे नियम आज सहज पटतात, पण त्या काळी ते पटवून द्यावे लागले. मुलाचा देह घरी आणू न देणारे सरकार कोण, असा संताप इंग्लंडमधल्या अनेक घरांत होता आणि ४ मे १९२० रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यावर जोरदार चर्चा झाली. त्यानंतरच समान शिळेचा नियम निर्वेध झाला.

भारतीय सैनिकांच्या बाबतीत मात्र समानतेचा नियम सरसकट पाळला गेला नाही. फ्रान्समध्ये पाळला गेला : हर्बर्ट बेकर यांनी रचलेल्या आणि १९२७ मध्ये खुल्या झालेल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत, आणि फ्रान्समधल्या हिंदू सैनिकांच्या शिळांवर ‘ओं भगवते नमः’ देवनागरीत कोरलेले आढळते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, चित्र वेगळे होते. बसऱ्याच्या स्मारकावर १९२९ मध्ये ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय जवानांचा उल्लेख केवळ दलाच्या नावापुढे संख्येने झाला. कुतच्या वेढ्यात अडकलेली सहावी डिव्हिजन ही पुणे डिव्हिजन होती आणि १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या, हे ध्यानात घेतले की ती संख्या कोणत्या गावांची होती याचा अंदाज येतो. आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये असा निष्कर्ष काढला की, पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार मृतांची, प्रामुख्याने भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांची, नोंद असमान रीतीने झाली. आणि किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने झालीच नाही.

कोहिमाचा विचार करताना ही मागची बाकी डोळ्यांसमोर असली पाहिजे.

समस्या

लढाई संपली तेव्हा आयोगासमोर तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते.

पहिला जमिनीचा. टेकडी तीव्र उताराची, बंगल्याच्या बागेसाठी पूर्वीच टप्पे पाडलेली, आणि लढाईत उकरून निघालेली. उंची समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या जवळपास, पावसाळा लांब, सगळा प्रदेश भूकंपप्रवण. उभी शिळा इथे किती वर्षे सरळ राहील हा प्रश्न साधा नव्हता.

दुसरा मृतांचा. इथे ब्रिटिश होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते, हिंदू आणि शीख होते; पंजाब, राजपूत, आसाम, गुरखा अशा वेगवेगळ्या पलटणींचे होते. काहींचे देह ओळखता आले नव्हते, काहींचे सापडलेच नव्हते, आणि ज्यांना अग्नी दिला गेला त्यांची जागा म्हणून दाखवण्यासारखे जमिनीत काही नव्हते.

तिसरा प्रश्न स्मृतीचा होता. जगातल्या बहुतेक युद्धस्मशानांत लढाई कोठे तरी दूर, शेतापलीकडे झालेली असते. इथे रणभूमी आणि स्मशान एकच. कबरींसाठी उतार नीट करायचा, तर लढाईच्या खुणा पुसल्या जाणार होत्या; त्या राखायच्या, तर कबरींना शिस्त येणार नव्हती.

पर्यायांचा विचार

जागेबाबत सर्वांत सोयीचा मार्ग होता एकत्रीकरणाचा : विखुरलेल्या कबरी उकरून, देखभाल सोपी होईल अशा एका सपाट ठिकाणी आणणे. रेल्वेजवळची, मैदानातली जागा कोहिमापासून फार लांब नव्हती. हा मार्ग आयोगाने अनेकदा घेतला आहे, आणि त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण पुण्यात खडकीला आहे. पश्चिम आणि मध्य भारतातील ज्या कबरींची कायमची देखभाल शक्य नव्हती त्या खडकीच्या युद्धस्मशानात आणल्या गेल्या. तिथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. दुसऱ्या महायुद्धातली कोणतीही लढाई खडकीत झाली नव्हती. ती जागा व्यवस्थेच्या सोयीने ठरली, आणि त्यात गैर काही नाही. पण कोहिमातून कबरी हलवल्या असत्या तर टेकडी मोकळी झाली असती आणि पुढे वाढलेल्या शहराने ती कधीच व्यापून टाकली असती.

दुसरा निर्णय एकत्र की वेगळे, हा होता. केवळ रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, इम्फाळमध्ये, आयोगाने वेगळे ठेवणे निवडले. तिथे इम्फाळ युद्धस्मशान ही एक दफनभूमी आहे, तिच्यात १,६०० कबरी आहेत. आणि भारतीय सैन्याची दफनभूमी निराळी आहे, तिच्यात ८२८ कबरी आणि अग्नी दिलेल्या ८६८ हिंदू व शीख सैनिकांचे स्मारक आहे. वेगळेपणाच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नाही. मुसलमान सैनिकांच्या कबरींची दिशा, अंत्यविधींचा मान, धर्मानुसार मांडणी हे सगळे स्वतंत्र जागेत नीट साधता येते. पण पाहणाऱ्याच्या मनावर परिणाम असा होतो की एकाच लढाईत दोन निरनिराळी सैन्ये मेली. कोहिमात तसे केले गेले नाही. तिथल्या १,४२० कबरींत ब्रिटनच्या १,०८२ आणि भारताच्या ३३० आहेत. पाच कॅनडाच्या आणि तीन ऑस्ट्रेलियाच्या आहेत. इम्फाळ आणि कोहिमा ही दोन्ही ठिकाणे एकाच प्रवासात पाहणाऱ्याला हा फरक चालताना पायांना जाणवतो.

तिसरा निर्णय सर्वांत अवघड होता, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. अग्नी दिलेल्यांचे काय करायचे? आयोगाच्या अनुभवात चार मार्ग होते.

एक, बसऱ्याचा : दलाचे नाव आणि संख्या. दोन युद्धांच्या मधल्या काळात हा मार्ग नैतिकदृष्ट्या संपला होता.

दुसरा, इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ पॅचम येथे घेतलेला : जिथे दहन झाले तिथेच एक छत्री उभारणे. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना त्या टेकडीवर अग्नी दिला गेला आणि १९२१ मध्ये तिथे संगमरवरी छत्री खुली झाली; तिचा आराखडा मुंबईचे वास्तुविशारद ई. सी. हेन्रिकेस यांचा. ती देखणी आहे. मात्र तिच्यावर त्या ५३ जणांची नावे नव्हती. ती आयोगाने शेजारी स्वतंत्र स्मारक उभारून कोरली तेव्हा २०१० साल उजाडले होते.

तिसरा मार्ग नावांच्या भिंतीचा : नाव प्रत्येकाचे, पण यादीत. चौथा म्हणजे देह नसतानाही स्वतंत्र शिळा. हा चौथा मार्ग ऐकायला विचित्र वाटतो, पण तो आयोगाच्या नित्याच्या वापरातला आहे. एखादा सैनिक या दफनभूमीत पुरला गेला आहे हे माहीत आहे, पण नेमकी कबर सापडत नाही, अशा वेळी त्याच्या नावाची विशेष शिळा उभारली जाते आणि तो या दफनभूमीत पुरला गेल्याचे ज्ञात आहे, अशा आशयाची ओळ त्या शिळेवर असते. म्हणजे ‘देह नाही, म्हणून शिळा नाही’ हा नियम आयोगाच्याच व्यवहारात अभंग नव्हता.

कोहिमात तिसरा मार्ग निवडला गेला.

चौथा निर्णय टेनिस कोर्टाचा. आराखडा करणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर सगळ्या उतारावर कबरींना योग्य अशी सपाट जागा तीच होती. तिच्यावर कबरींच्या ओळी घातल्या असत्या तर कोणी नाव ठेवले नसते, उलट काम सोपे झाले असते. बंगला तर लढाईत नामशेष झालाच होता. कोर्टही गेले असते तर दुसऱ्या पिढीला ही एक सुंदर बाग वाटली असती, त्यापलीकडे काही नाही.

प्रत्यक्ष कृती

कबरी टेकडीवरच, टप्प्याटप्प्यांनी ठेवल्या गेल्या. युरोपातल्यासारख्या उंच उभ्या शिळा इथे नाहीत. बुटक्या चौथऱ्यांवर कलत्या बसवलेल्या कांस्याच्या पाट्या आहेत. पाऊस, सैल माती आणि हादरे यांचा विचार करता हा निर्णय शहाणपणाचा होता, आणि त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. शिळा बुटक्या असल्याने कोणत्याही टप्प्यावर उभे राहिले तरी खालचा शहराचा पसारा आणि समोरचे डोंगर नजरेआड होत नाहीत. कबरींच्या भिंतीत कोंडल्यासारखे वाटत नाही. लढणाऱ्याला ज्या उतारावरून शत्रू चढताना दिसत होता तो उतार पाहणाऱ्यालाही दिसतो.

टेनिस कोर्टाची आखणी पांढऱ्या काँक्रीटच्या रेषांनी कायमची केली गेली आणि त्या चौकोनात एकही कबर ठेवली नाही. त्यालगत, वरच्या बाजूला, आयोगाच्या प्रत्येक मोठ्या दफनभूमीत असणारा त्यागाचा क्रूस उभा केला. माझ्या मते सगळ्या रचनेतला हा सर्वांत धीट निर्णय आहे. पुतळा नाही, तोफ नाही, लढाईचे शिल्प नाही. खेळाच्या मैदानाच्या रेषा आहेत, आणि तेवढ्याने अंतर समजते. सव्वीस सत्तावीस पावलांत संपणारी ती लांबी चालून पाहिली की नकाशा वाचण्याची गरज उरत नाही.

कोर्टाजवळ चेरीचे झाड आहे. त्या झाडाचा आडोसा जपानी नेमबाजांनी घेतला होता आणि मूळ झाड लढाईत नष्ट झाले. जुन्या बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्याचे आजचे झाड झाले. बाजूला तशी पाटी आहे. झाड राखणे हा निर्णय फुकटचा होता, पण तोही कोणीतरी घ्यावाच लागतो.

प्रवेशाजवळ दुसऱ्या ब्रिटिश डिव्हिजनचे स्मारक आहे. हा एक मोठा अखंड दगड असून तो नागा लोकांनी ओढून वर आणला. अंगामी नागांकडे कर्तृत्वाची वा दानाची आठवण म्हणून मोठाले दगड समुदायाने ओढून नेऊन उभे करण्याची जुनी चाल आहे, त्यामुळे परक्या सैन्याचे हे स्मारक स्थानिक हातांच्या आणि स्थानिक रीतीच्या आधाराने उभे राहिले असे म्हणायला हरकत नाही. घरी जाल तेव्हा आमच्याविषयी सांगा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला, अशा आशयाचा जगप्रसिद्ध लेख याच दगडावर आहे.

अग्नी दिलेल्या ९१७ जणांचे स्मारक सर्वांत वर आले. उतारावरच्या रचनेत वरची जागा मानाची, हे कोणत्याही डोंगरदेवळाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

परिणाम

समान शिळेचा नियम कोहिमात कसोटीला उतरला, हे दोन कबरींवरून दिसते. ९ एप्रिल १९४४ ला मारला गेलेला लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन आणि ६ मे रोजी मारला गेलेला कॅप्टन जॉन रँडल, दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोघेही इथे आहेत. हार्मनचे वडील एका अख्ख्या बेटाचे मालक होते. त्याच्या पाटीवर पदकाचे चिन्ह आहे, पण पाटीचा आकार शेजारच्यांएवढाच.

जागेचा निर्णयही काळाने बरोबर ठरवला. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य झाले, कोहिमा राजधानी झाली आणि शहर टेकडीच्या चारही अंगांनी वाढले. आज दफनभूमी हा त्या गर्दीतला मोठा हिरवा तुकडा आहे. शहरातली माणसे तिथे येतात, बसतात.

९१७ नावांच्या बाबतीत परिणाम संमिश्र आहे. बसऱ्यापासून मोजले तर प्रगती मोठी आहे : वीस वर्षांपूर्वी ज्या जवानाची संख्या झाली असती त्याचे आता नाव आहे, आणि ते ब्रिटिशांच्या कबरींच्या वर आहे. पण खालच्या टप्प्यावर एका विशीतल्या मुलाचे नाव, वय, मरणाची तारीख आणि आईवडिलांनी दिलेली ओळ वाचून वर आलेला माणूस, वरच्या यादीपाशी पोहोचला की वेगळ्या रीतीने पाहू लागतो. यादीत वय नाही, ओळ नाही. डोळा एका नावावर थांबत नाही, तो खाली घसरत जातो. मान दिला गेला, जवळीक मात्र दिली गेली नाही.

प्रसिद्ध लेखाचाही एक दुष्परिणाम आहे. तो इतका प्रभावी आहे, आणि प्रवेशाशीच आहे, की अनेकांच्या मनात सगळी दफनभूमी त्याच एका वाक्याने बोलते. वस्तुतः ते एका ब्रिटिश डिव्हिजनचे आपल्या मृतांविषयीचे वाक्य आहे. पंजाब, राजपूत, आसाम रेजिमेंट यांच्या वतीने ते लिहिलेले नाही. कित्येकजण त्या दगडापाशी छायाचित्र काढून परततात आणि शेवटचे टप्पे चढतच नाहीत. सर्वांत उंच जागेचा मान हा असा उलटा पडतो.

आणखी दोन मृतसमूह या टेकडीवर नाहीत. ज्यांचा देह सापडला नाही त्यांची नावे इथून दूर, म्यानमारमध्ये, तौक्यान येथील रंगून स्मारकावर आहेत. तिथे जवळजवळ २७,००० नावे आहेत. आणि गाव उद्ध्वस्त झालेले, वाट दाखवणारे, जखमी वाहून नेणारे नागा, जे गणवेशात नव्हते, ते आयोगाच्या व्याख्येतच बसत नव्हते. कोहिमाच्या लढाईतील माजी सैनिकांनी पुढे नागा मुलांच्या शिक्षणासाठी कोहिमा एज्युकेशनल ट्रस्ट सुरू केला. हे ऋण त्यांच्या मनात होते, दगडात मात्र ते फारसे उतरले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी चौथ्या मार्गाविषयी. ९१७ विशेष शिळा उभारल्या असत्या तर उतारावर एकूण २,३३७ शिळा झाल्या असत्या. तेवढे टप्पे पाडताना टेनिस कोर्ट वाचले असते का, याबद्दल मला शंका आहे. शिवाय ज्या घरात देहाची राख नदीत सोडून मोकळे व्हायचे असते त्या घराला कबरीसारखी दिसणारी वस्तू नकोशीही वाटली असती. त्यामुळे स्मारकाचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की, तो निर्णय धर्माने आपोआप घेतला असे जे मानले जाते ते खरे नाही. याला पुरावा खडकीतच आहे. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातील ६२९ सैनिकांचे अवशेष १९६२ मध्ये खडकीला आणून पुन्हा पुरले गेले. ते देह तिथे जमिनीत आहेत. त्यांची नावे मात्र खडकीच्या १९१४-१८ स्मारकावर, अठराशेहून अधिक नावांच्या यादीत आली. कोहिमात देह नाही म्हणून यादी, आणि खडकीत देह असूनही यादी! शिळा की भिंत, हे जागा, खर्च आणि सोय यांनीच पुष्कळदा ठरवले आहे, आणि तसे स्पष्ट म्हटल्याने कोणाचा अवमान होत नाही.

दुसरा मुद्दा रूपाचा. अग्नी देणाऱ्या समाजांकडे युद्धात पडलेल्यांच्या स्मारकाची रीत नव्हती, असे नाही. महाराष्ट्रात गावकुसाबाहेर, देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर वीरगळ उभे आहेत : खालच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्टीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपूजा, माथ्यावर कलश. वीरगळाखाली देह नसतो, आणि बहुतेकांवर नावही नसते. आयोगाच्या स्मारकावर नाव असते, चित्र नसते. या दोहोंची सांगड घालणारे रूप १९४५ नंतरच्या घाईत कोणाला सुचले असते असे नाही. पण नव्ह-शापेलला बेकर यांनी अशोकस्तंभाची आठवण देणारा स्तंभ आणि छत्री रचली होती, तेव्हा भारतीय रूपांचा विचार आयोगाला अपरिचित होता असेही म्हणता येत नाही. कोहिमात क्रूस आहे. वरच्या ९१७ जणांच्या बाजूने बोलणारी, तेवढ्याच ताकदीची खूण नाही.

तिसरा मुद्दा वाटेचा आहे आणि तो आजही दुरुस्त होण्यासारखा आहे. प्रवेशाच्या दगडापाशीच, वर काय आहे आणि तिथे कोणाची नावे आहेत हे सांगणारी एक पाटी असेल, तर पायऱ्या चढणाऱ्यांची संख्या वाढेल.

चौथा मुद्दा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. भिंतीवर जागा नाही, पण आयोगाच्या नोंदवहीत भारतीय जवानांपैकी अनेकांच्या वडिलांचे, कधी पत्नीचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्यांची कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि त्यांच्या मुलखात, माणगावला, त्यांचा पुतळा आहे. पदक नसलेल्यांसाठी गावात पुतळा उभा राहत नाही. त्यांच्या घरच्या माणसाला आज शोध घ्यायचा तर तो दलाच्या क्रमाने घ्यावा लागतो, म्हणजे आजोबांची पलटण कोणती हे आधी ठाऊक असावे लागते. गाव आणि जिल्हा यांच्या क्रमाने लावलेली, देवनागरीतली सूची असेल तर काम उलट दिशेने करता येईल. ती करताना पहिली अडचण लिपीची येईल. पलटणीच्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे रोमन अक्षरांत गाव लिहिले. कुलाबा जिल्ह्याचा आता रायगड झाला आहे. एकाच नावाची तीन-तीन गावे एका तालुक्यात आहेत. ही अडचण आयोगाच्या कार्यालयात बसून सुटणार नाही. ती तलाठ्याच्या जुन्या दप्तरात, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारूनच सुटेल.